पितळी समईवरचे ओरखडे घालवायचे आहेत, पण नाव पुसायचं नाही

वर्षा_कोथरूड

नमस्कार मंडळी. आमच्याकडे सासूबाईंच्या माहेरची पितळी समयांची जोडी आहे. दोन-सव्वादोन फूट उंच, चांगल्या वजनदार. कराडचं घर रिकामं केलं तेव्हा सामान वाहून आणणाऱ्यांनी एक समई नीट गुंडाळली आणि दुसरीच्याच खोक्यात लोखंडी खलबत्ता आणि अडकित्ते कोंबले. पुण्यात खोकं उघडलं तर ती समई पाहवेना.

दांडीवर बारीक ओरखड्यांचं जाळं झालंय, ते नखाला लागत नाहीत. तेल घालतो त्या वरच्या पसरट वाटीत मात्र एक लांब ओरखडा आहे, वातीच्या एका चोचीपासून पार समोरच्या काठापर्यंत. त्यात नख चक्क अडकतं. आणि बैठकीवर तीन-चार आडवे ओरखडे आहेत. त्यातला एक सासूबाईंच्या आईच्या नावावरून गेलाय. जुन्या भांड्यांवर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालायचे ना, तसं नाव आहे, खाली गावाचं नाव.

चिंच-मीठ लावून झालं, पितांबरीने घासून झालं. समई लखलखीत झाली, पण ओरखडे आता जास्तच डोळ्यांत भरतात. रविवार पेठेतल्या एका बफिंगवाल्याला, म्हणजे फिरत्या चाकावर भांडी चमकवून देणाऱ्याला, फोटो दाखवला. तो म्हणाला, "द्या, नवीकोरी करून देतो." नवीकोरी नकोय हो. नाव गेलं तर सासूबाईंना काय सांगू? पुढच्या महिन्यात गौरी-गणपती आहेत. हे घरी जमण्यासारखं आहे का? जमत असेल तर कुठून सुरुवात करू?

मंदाताई

वर्षा, आमच्याकडे समया कायम लिंबाच्या सालीने आणि रांगोळीने घासायचे, मग कोरड्या फडक्याने ब्रासो. बारीक ओरखडे त्यात हळूहळू बुजतात, असा माझा अनुभव. नख अडकतंय म्हणतेस त्याचं मला सांगता येणार नाही. इथे एक भोसरीकर म्हणून काका लिहितात, त्यांचं हेच काम होतं. त्यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.

भोसरीकर

व्यनि कशाला, इथेच लिहितो, म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल.

वर्षाताई, मी भोसरी एमआयडीसीत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यांचे साचे बनतात तिथे, साच्यांचं पॉलिशिंग केलं. गाडीच्या हेडलाइटची पुढची काच खरं तर पॉलिकार्बोनेटची असते. तिचा पोलादी साचा आरशासारखा करावा लागतो. साच्यात केसासारखी रेघ राहिली तरी ती निघणाऱ्या प्रत्येक नगावर उमटते, म्हणून आमचं सगळं आयुष्य रेघा शोधण्यात गेलं. पितळ त्या पोलादापेक्षा फार मऊ आहे. हे काम घरी नक्की जमेल. घाई मात्र चालणार नाही.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा. चमक वेगळी आणि ओरखडा वेगळा. चिंच, लिंबू, पितांबरी पितळेवरचा काळसर थर काढतात. ओरखडा ही खाच आहे. तिथलं पितळ निघून गेलंय किंवा बाजूला सरकलंय. खाच भरून येत नाही, खाचेच्या तळापर्यंत आजूबाजूचं पितळ खाली आणावं लागतं. दुसरा मार्ग नाही. म्हणून 'ओरखडा कसा काढू' याच्या आधी 'इथलं किती पितळ घालवायची माझी तयारी आहे' हे ठरवायचं. तुमच्या समईत त्याची तीन ठिकाणी तीन उत्तरं आहेत.

बैठकीवरचं नाव असलेली बाजू सोडून द्या. तिथे पॉलिश पेपर लावायचाच नाही. ठिपक्यांची अक्षरं छिन्नीच्या टोकाने ठोकलेली असतात, त्यांची खोली फार नसते. तो ओरखडा जाईपर्यंत घासलंत तर ठिपके आधी उथळ होतील, मग पुसट होतील आणि एक-दोन अक्षरं जातीलच. ओरखडा राहिला तर समईचं काही बिघडत नाही, नाव गेलं तर ते परत येत नाही. नवं ठोकून घेतलं तरी ते त्या हाताचं नसेल. बैठकीच्या बाकीच्या भागावरचे ओरखडे काढा, पण नावापासून चार बोटं लांब थांबा.

आता कामाला लागू.

समई सुटी करा. वाटी, दांडी, बैठक आट्यांवर बसवलेली असतात. जुन्या तेलाने आटे चिकटले असतील तर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून थोडा वेळ बुडवून ठेवा, पान्हा लावू नका. पान्ह्याने नवे ओरखडे पडतील. आंबट पाण्यात तासन् तास भिजत घालणं टाळा. आंबटात पितळेतलं जस्त आधी निघून जातं आणि वरून तांबूस छटा येते.

मग लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा आहे, तिथे घासकाम बंद. तुमच्या वर्णनावरून समया भरीव ओतीव पितळेच्या दिसतात, तेव्हा चिंता नसावी. खोल ओरखड्याचा तळही बघा, तो पिवळाच हवा. हल्लीच्या शोभेच्या पितळी वस्तूंवर बहुतेक वेळा पारदर्शक लॅकर असतो, तो आधी थिनरने किंवा अॅसिटोनने काढावा लागतो. तुमच्या चिंचेने काळसरपणा गेला, म्हणजे तुमच्याकडे लॅकर नाही.

लागणारं सामान: ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून वापरायचे पॉलिश पेपर. गाडी रंगवणारे वापरतात तेच. बोहरी आळीत कुठेही मिळतील. पेपरच्या पाठीवर 'पी' आणि पुढे नंबर छापलेला असेल असे घ्या. पी ४०० चा कण सुमारे ३५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, पी १००० चा १८ आणि पी २००० चा १० च्या आसपास. प्रत्येक पेपर आपल्या कणाच्या मापाच्या रेघा पाडतो, आणि पुढच्या पेपरचं काम आधीच्या रेघा काढणं एवढंच असतं. मधला नंबर वगळलात की पुढच्याला ते झेपत नाही.

वाटीतला खोल ओरखडा ४०० ने सुरू करा. वाटी पसरट आहे, म्हणून पेपर नुसत्या बोटाखाली धरू नका. बोटाखाली धातू जास्त झिजतो आणि खळगा पडतो. तो आत्ता दिसणार नाही, चमक आल्यावर प्रकाश तिथे वेडावाकडा दिसेल. खोडरबराच्या जाड तुकड्याला पेपर गुंडाळा, तो वाटीच्या वळणाला धरून राहतो. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाका आणि पेपर ओलाच ठेवा.

ओरखड्यावर आधी मार्कर पेनाने आडव्या रेघा मारा. घासायला लागलात की वरची शाई जाते आणि खाचेतली राहते. जोवर खाचेत शाई दिसते तोवर तळ आलेला नाही. नुसता ओरखडाच घासत बसू नका, त्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं रुंद पट्टा घ्या. पुढच्या प्रत्येक नंबराला पट्टा थोडा वाढवत न्या, म्हणजे कुठे घासलंय ते कळत नाही.

४०० उत्तर-दक्षिण चालवला असेल तर ६०० पूर्व-पश्चिम चालवा. उत्तर-दक्षिण रेघ एकही उरली नाही, की मगच ८०० हातात घ्या. एवढा एक नियम पाळलात तर बाकी चुकलं तरी निभावेल. प्रत्येक नंबर झाला की वाटी, हात आणि रबर वाहत्या पाण्याखाली धुवा आणि पाणी बदला. ४०० चा एक कण जरी २००० च्या पेपरखाली गेला तरी नवा ओरखडा तयार.

दांडीवरच्या ओरखड्यांना नख लागत नाही म्हणता, तिथे ४०० लागणारच नाही. थेट १००० ने सुरू करा. दांडी लेथवर कातलेली आहे, तिच्यावरच्या मूळ रेघा गोल फिरतात. पेपरची बोटभर रुंद पट्टी कापा, मागे कापडी चिकटपट्टी लावा म्हणजे फाटणार नाही, आणि बुटाला पॉलिश करताना फडकं ओढतात तशी दांडीभोवती ओढा. कड्यांच्या टोकदार कडांवर जोर देऊ नका. समईचा घाट त्या कडांमुळे आहे, त्या गोलावल्या की समई थकल्यासारखी दिसते.

२००० झाल्यावर पितळ धुरकट दिसेल, घाबरू नका. आता मऊ सुती फडक्यावर मेटल पॉलिशची पेस्ट किंवा ब्रासो घ्या. त्यातही बारीक घासणारी पूड असतेच, म्हणूनच ते शेवटी. मंदाताई म्हणतात ते या टप्प्याला लागू आहे, पण रांगोळी मात्र नको. तिचे कण लहान-मोठे असतात आणि मेहनत वाया जाते.

पेठेतला_सोनार

काकांचं सगळं बरोबर. आमच्या धंद्यातली एक गोष्ट जोडतो. ओरखडा पडताना सगळाच धातू निघून जात नाही, बराचसा दोन्ही कडांना वर सरकतो. बोट फिरवलं की ती धार लागते. अशा ओरखड्यावर आम्ही आधी ओपणी चालवतो. अकीक दगडाचं किंवा गुळगुळीत पोलादाचं टोक असलेलं हत्यार असतं. रिठ्याचं पाणी लावून कडांकडून खाचेकडे दाबत न्यायचं. धातू निघत नाही, सरकतो. खाच पुरी बुजत नाही, पण उथळ होते आणि मग पेपरला कमी काम उरतं.

चांदीच्या भांड्यावर तर पेपर लावायच्या आधी दहादा विचार करावा, कारण जी पूड पाण्याबरोबर जाते ती चांदीच असते. सराफ पेठेतल्या गटारांचा गाळ चाळून पोट भरणारे झारेकरी काही उगीच नव्हते. आणि चांदीच्या नावाखाली घरात असलेली कितीतरी ताम्हनं, तबकं आत पितळेची आणि वर चांदीचा मुलामा दिलेली असतात. तिथे पॉलिश पेपर म्हणजे चांदी पुसून टाकणंच.

वर्षाताई, नावाच्या आसपास ओपणीसुद्धा चालवू नका. ठिपके दबतील.

मंदाताई

बापरे, रांगोळीबद्दल हे माहीत नव्हतं. आणि कल्हईच्या भांड्यांना? माझ्या पितळी पातेल्यात आत ओरखडे आहेत.

पेठेतला_सोनार

आतून काहीच घासू नका मावशी. कल्हई म्हणजे कथलाचा पातळ थर. तो गेला की आंबट पदार्थ थेट पितळेला लागतो. ओरखड्यातून पिवळं दिसत असेल तर कल्हईवाल्याकडून पुन्हा कल्हई करून घ्या, तेच औषध.

वर्षा_कोथरूड

काका, तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, फार आभारी आहे. दांडी झाली! खरंच सुंदर झाली, मुलीने पट्टी ओढली आणि मी दांडी धरली. बैठकीचं मागचं अंगही झालं. नावाला हात लावला नाही. सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं केलंस. तो ओरखडा राहू दे, नाव राहू दे."

वाटीत मात्र अडकलेय. ओरखडा गेला, मार्करची शाईही गेली, २००० पर्यंत आले, ब्रासो लावला. ट्यूबलाइटखाली आरशासारखी दिसते. पण सकाळी खिडकीतून ऊन तिरपं आलं की एका भागात सगळ्या एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात. २००० ने अजून बराच वेळ घासलं, जोर लावून घासलं, जात नाहीत. दुसरं म्हणजे ओरखडा होता त्याच्या जवळ टाचणीच्या टोकाएवढे दोन-तीन काळे ठिपके दिसायला लागलेत. आधी नव्हते. हे काय आहे?

भोसरीकर

उन्हाने खरं सांगितलं. आम्हीसुद्धा साचा छताच्या दिव्याखाली कधी पास करत नसू, दिवा हातात घेऊन तिरपा धरून बघत असू.

आधी रेघांची दिशा बघा. तुम्ही ४०० ज्या दिशेने चालवला त्याच दिशेच्या असतील तर त्या ४०० च्याच आहेत. ६०० ने त्या भागात त्या पुऱ्या निघाल्या नाहीत, आणि पुढचे सगळे पेपर त्यांच्या माथ्यावरून फिरले. आता २००० ने कितीही जोर लावलात तरी रेघांच्या कडा गोल होतील, तळ येणार नाही. बफवर चढवूनही हेच होतं, चमक येते आणि रेघ चमकदार होऊन तिथेच राहते. मागे जा. तेवढ्याच भागावर ६०० घ्या, रेघांना आडवा चालवा, आणि ऊन असताना उन्हातच बघत बघत करा. ४०० ची शेवटची रेघ गेली की मग ८००, १०००, १५००, २०००, पुन्हा सगळे. कंटाळवाणं आहे, पण ६०० ला घालवलेला वेळ पुढे दुप्पट वाचतो. साच्यांच्या कामात बी-१ नावाचा दर्जा ६०० च्या पेपरवर संपतो आणि ए-१ हा सगळ्यात वरचा दर्जा ३ मायक्रॉनच्या हिऱ्याच्या पेस्टवर. मी शिकाऊ मुलांना सांगायचो की ए-१ बिघडतो तो ६०० लाच.

जोर लावू नका हेही सांगायला हवं. पितळ मऊ आहे. दाबलं की पेपरखाली सुटलेली पितळेची पूड गोळा होते, तिच्या गाठी होतात आणि त्याच ओरखडे काढतात. पेपर पाण्यात वरचेवर झटका, पूड धरलेला तुकडा फेकून द्या.

काळे ठिपके मात्र तुमच्या हातून झालेले नाहीत. वाटी ओतीव आहे. ओतताना धातूत हवेचे बारीक फुगे अडकतात, वरचं कातडं घासलं की ते उघडे पडतात. त्यांच्यात ब्रासोची मळी बसली म्हणून काळे दिसतात. ते घालवायला आणखी खोल जाऊ नका, खाली आणखी निघतील. मऊ टूथब्रशने साबणाच्या कोमट पाण्यात घासून मळी काढा, लगेच पुसून कोरडं करा. तेल घातल्यावर ते दिसायचेही नाहीत.

अद्वैत_डोंबिवली

धागा वाचून स्टीलच्या सिंकला पेपर लावायला निघालो होतो, आधी विचारतो. नवं सिंक आहे, कढई घसरून मोठा ओरखडा पडलाय. सिंक आरशासारखं नाही, बारीक रेघारेघांचं आहे. आणि नळावरही एक ओरखडा आहे.

भोसरीकर

बरं झालं विचारलंत. तुमच्या सिंकच्या रेघा कारखान्यातच मुद्दाम पाडलेल्या आहेत आणि त्या एकाच दिशेने जातात. तिथे आडवं-उभं चालवायचं नाही आणि आरसाही करायचा नाही, नाहीतर मधोमध चकचकीत डाग पडेल. रेघांच्याच दिशेने हिरवा नायलॉनचा घासणा लांब लांब ओढा, पुढे-मागे नको, एकाच बाजूला. ओरखडा रेघांत मिसळून जाईल. फार खोल असेल तर त्याच दिशेने आधी ४०० चा वॉटर पेपर. लोखंडी तारेची घासणी मात्र स्टीलला कधी लावू नका. तिचे बारीक कण स्टीलमध्ये रुतून बसतात, ते गंजतात आणि लोकांना वाटतं सिंकच गंजलं.

नळाला हात लावू नका. त्याच्यावरचा क्रोमचा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, त्याखाली निकेल, त्याखाली पितळ. पॉलिश करण्यासारखं तिथे काही नाही.

वर्षा_कोथरूड

काका, दिशा बघितली, ४०० च्याच निघाल्या! पुन्हा ६०० ला लागलेय. बऱ्याच गेल्या, पण वातीच्या चोचींच्या खोबणीत आतपर्यंत पेपर जात नाही. तेवढ्यासाठी वाटी बफिंगवाल्याकडे दिली तर चालेल का? आणि झाल्यावर लॅकर मारून घेऊ का, म्हणजे काळी पडणार नाही?

भोसरीकर

खोबणीसाठी आधी आइस्क्रीमच्या काडीला पेपर चिकटवून बघा, काडीचं टोक खोबणीच्या गोलाईएवढं घासून घ्या. साच्यांच्या कोपऱ्यांत आम्ही बांबूच्या काड्याच वापरायचो. पेस्टही त्याच काडीच्या टोकाला फडकं गुंडाळून लावा.

लॅकर नको. समई लावायची असते, ज्योतीजवळ लॅकर करपतो, पिवळा पडतो आणि काढताना पुन्हा तुम्हालाच घासावं लागेल. वापरून झाली की तेल पुसा, कोमट पाण्याने धुवा, लगेच कोरडी करा. एवढं पुरतं.

तरीही बफवर द्यायचीच असेल तर द्या, त्यात काही वावगं नाही. त्याला स्पष्ट सांगा की पेपरचं काम झालेलं आहे, एमरी (खरखरीत घासणारी पूड) चढवलेला बफ लावायचा नाही, फक्त कापडी बफ आणि शेवटचा बारीक लस्टर, म्हणजे चमक आणणारा मसाला. चोचींच्या कडा गोल करू नका म्हणावं. हे काम स्वतःच्या घरगुती ग्राइंडरवर कापडी चाक बसवून करायच्या फंदात पडू नका. चाकाने चोचीची कड पकडली की वाटी हातातून सुटते आणि तोंडावर येते. ओढणी, बांगड्या, हातमोजे, काहीही त्यात अडकू शकतं. त्याच्याकडे तो चाकाच्या मधल्या रेषेच्या खाली धरून करतो, त्याचा हात बसलेला असतो.

आणि समई सुटी करूनच न्या. फक्त वाटी द्या, बैठक घरी ठेवा.